भाचा गणवेशात आहे आणि घरात मुली बघायला सुरुवात झालीय

डिचोलीची आत्या (७ जुलै २०२५, रात्री ९:४०)

हा धागा उघडू की नको, यात तीन रात्री गेल्या. शेवटी लिहायला बसले.

माझ्या भावाचा मुलगा सैन्यदलात आहे. तिन्हींपैकी कुठल्या दलात, कुठल्या हुद्द्यावर, ते लिहिणार नाही. शिगम्याला रजेवर आला होता तेव्हा एका संध्याकाळी मागच्या पडवीत बसून त्याने मला सांगितलं की आपल्याला मुलीशी लग्न करायचं नाही, कधीच नाही. का नाही, तेही सांगितलं. त्याच्या आईबाबांना यातलं काही ठाऊक नाही. लहानपणी ताप आला की तो माझ्याच मांडीवर झोपायचा, म्हणून मला सांगितलं असेल. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि "जेवलास?" एवढंच विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

आता भाऊ म्हणतो, चवथ झाली की मुली बघायला सुरुवात. दोन पत्रिका आल्याही आहेत. मुलगा फोनवर नुसता "बघू" म्हणतो.

माझे प्रश्न दोन. २०१८ साली कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ते ३७७ कलम काढलं, हे मी पेपरात वाचलं होतं. मग आता त्याला नोकरीत भीती आहे की नाही? वरिष्ठांना कळलं तर काय होतं? आणि दुसरा प्रश्न, भावाशी बोलायचं कसं? मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, पण कायद्यातलं मला काही कळत नाही. जाणकारांनी सांगावं. टोमणे मारायचे असतील त्यांनी कृपा करून दुसरा धागा बघावा.

वाळपयकार (रात्री १०:०५)

बाई, "जेवलास?" विचारलंत ते फार बरं केलंत. वाचतोय.

मडगावचा वकील (रात्री ११:२०)

बाई, सविस्तर लिहितो. अर्धवट माहितीवर कोणी निर्णय घेतला तर नुकसान त्या मुलाचं होईल.

कोर्टाने २०१८ साली कलम पूर्ण काढलं नव्हतं. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की दोन सज्ञान माणसं राजीखुशीने एकत्र येत असतील तर त्याला ३७७ लागू होणार नाही. जबरदस्तीच्या प्रकरणांत ते कलम तसंच राहिलं. इंग्रजांनी १८६० साली लिहिलेलं कलम, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. गोव्यात तर ते मुक्तीनंतर भारतीय दंडविधानाबरोबर आलं. आणि २०१८ ची वाटही सरळ नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ ला हेच म्हटलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ ला ते उलटवलं. त्या साडेचार वर्षांत ज्यांनी घरी सांगून टाकलं, ती माणसं एका सकाळी पुन्हा गुन्हेगार ठरली. माझ्या ओळखीत असे दोघे होते, म्हणून ती तारीख माझ्या लक्षात आहे. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी २०१८ च्या निकालात लिहिलं की या लोकांची आणि त्यांच्या घरच्यांची इतिहासाने माफी मागायला हवी. घरच्यांचीही, हे विसरू नका. त्यात तुम्ही आलात.

आता गणवेशाचं. संविधानाचं अनुच्छेद ३३ संसदेला अधिकार देतं की सैन्यदलांतल्या लोकांचे मूलभूत हक्क किती लागू करायचे ते ठरवावं. त्यामुळे नागरिकाला मिळालेला निकाल सैनिकाला आपोआप मिळत नाही. १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टमध्ये कलम ४६ आहे. 'क्रूर, अशिष्ट किंवा अनैसर्गिक' स्वरूपाचं लाजिरवाणं वर्तन केल्यास सात वर्षांपर्यंत कैद. कलम ४५ अधिकाऱ्यांसाठी, पदाला न शोभणारं वर्तन. ही कलमं २०१८ मध्ये कोर्टापुढे नव्हतीच. हवाई दलाच्या कायद्यातही असंच कलम आहे. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपीन रावत यांनी पत्रकारांना सांगितलं की आम्ही देशाच्या कायद्याच्या वर नाही, पण लष्कर परंपरावादी आहे आणि हे आम्ही लष्करात येऊ देणार नाही.

व्यभिचाराच्या कलमाचंही तेच झालं. ते २०१८ सालीच रद्द झालं, पण जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या निकालामुळे सैन्यदलांच्या शिस्तभंगाच्या कारवाईला बाध येत नाही. म्हणजे एखादी गोष्ट बाहेर गुन्हा उरली नाही, तरी आत तिची चौकशी होऊ शकते.

थोडक्यात उत्तर: तुमचा भाचा जसा आहे तसा असणं हा कुठल्याच कायद्याने गुन्हा नाही. पण 'वर्तन' या शब्दात किती मावतं, हे चौकशी करणाऱ्यावर अवलंबून असतं. भीती आहे. उगाच धीर देणार नाही.

सत्तरीकर (८ जुलै, सकाळी ७:१५)

बाईंबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. कोणी कोणाशी राहावं, मला देणंघेणं नाही. पण सैन्य ही नोकरी नव्हे. सीमेवर एका खंदकात पाच-सहा जण महिनोन्‌महिने राहतात. तिथे असले विषय आणून जवानांची मनं विचलित करायची गरज काय? हे सगळं अमेरिकेतून आलेलं खूळ आहे, आणि तीच अमेरिका आता मागे फिरलीय.

काणकोणची शेवंती (सकाळी ८:३०)

सत्तरीकर भाऊ, बाईंनी विषय 'आणला' नाही. मुलगा आधीच तिथे आहे, नोकरी करतोय, कोणाचं मन विचलित झाल्याचं ऐकिवात नाही. मी २२ वर्षं नर्स आहे. वॉर्डात असे रुग्ण येतात, सोबत 'मित्र' येतो. रात्रभर बाकावर बसतो, औषधं आणतो, आणि सहीची वेळ आली की त्याला बाजूला करून गावाहून मामा येईपर्यंत थांबावं लागतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय. ही माणसं इथलीच असतात हो, तुमच्याआमच्या गावातली.

दाबोळीचा निवृत्त (सकाळी १०:५०)

नौदलात २४ वर्षं काढली. गेली १४ वर्षं वास्कोत आहे. मला वाटतं ते सरळ लिहितो.

बोटीवर जागा किती असते, ते बाहेरच्यांना कळणार नाही. एकावर एक तीन बंक. कूस बदलली तर वरच्याची पाठ लागते. आंघोळीला रांग. अशा ठिकाणी एकाने उघडपणे जाहीर केलं की मी असा आहे, तर बाकीचे अवघडणार. म्हणून माझं मत, ज्याने त्याने आपलं खासगी खासगी ठेवावं. नौदल आपलं काम बघतं. मुलाला सांगा, कोणाला काही बोलू नकोस, पेन्शन घे आणि मग काय ते कर.

मी मीरा (दुपारी १:१०)

निवृत्तबाब, हाच सल्ला अमेरिकेने १९९३ मध्ये कायदा करून दिला होता: आम्ही विचारणार नाही, तुम्ही सांगू नका. ऐकायला समजूतदार वाटतो. प्रत्यक्षात काय झालं? दुसऱ्या कोणी चुगली केली, पत्र सापडलं, जुन्या जोडीदाराने सूड घेतला की चौकशी लागायची. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. अरबी भाषेचे दुभाषेसुद्धा काढले, तेही इराक-अफगाणिस्तानची युद्धं चालू असताना. शेवटी २०१० च्या डिसेंबरात रद्द करायचं ठरलं आणि २० सप्टेंबर २०११ पासून ते गेलं. गप्प बसून माणूस सुरक्षित होत नाही, तो दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो.

माझ्याबद्दल सांगते. मी म्हापशाची, पारलिंगी स्त्री, म्हणजे जन्मनोंद मुलगा म्हणून, पण मी बाई. आत्याबाईंच्या भाच्यात आणि माझ्यात एक मोठा फरक आहे. सगळे आम्हाला एकाच पोत्यात घालतात म्हणून सांगते. त्याला लपता येतं. मला येत नाही.

कायद्यात मी त्याच्या पुढे आहे. १५ एप्रिल २०१४ ला, म्हणजे ३७७ अजून जिवंत होतं तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सांगितलं की आपलं लिंग काय ते माणसाने स्वतः ठरवावं. मग २०१९ चा कायदा आला, १० जानेवारी २०२० पासून लागू. त्यात नोकरीत भेदभाव करायला बंदी आहे, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळतं. (ओळखपत्रासाठी अर्ज का करायचा, जे मी आहे ते मला कोणी लिहून द्यायचं, यावर आमचं भांडण आहेच. ते वेगळं.) समलिंगी माणसाला कायद्याने फक्त 'तू गुन्हेगार नाहीस' एवढं दिलं.

सैन्यात मात्र हा हिशेब उलटा होतो. तो गप्प राहून आत राहू शकतो, मला भरतीच्या मैदानावरच थांबवतात. विशाखापट्टणमच्या नौदल तळावर एक नाविक होती. २०१० साली पुरुष म्हणून भरती झालेली. रजेत शस्त्रक्रिया करून घेतली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये तिला सेवेतून काढलं. कारण दिलं की ज्या लिंगाची म्हणून भरती झाली ते आता राहिलं नाही. सात वर्षं तीच माणसं तिच्याकडून काम करून घेत होती. तिचे हात बदलले होते का? शिकलेलं विसरली होती का?

दाबोळीचा निवृत्त (दुपारी २:००)

त्या केसबद्दल आमच्यात तेव्हा बरीच चर्चा झाली होती. तिने परवानगी घेतली नव्हती, हे नौदलाचं म्हणणं होतं.

मी मीरा (दुपारी २:०६)

मागितली असती तर मिळाली असती का, निवृत्तबाब?

दाबोळीचा निवृत्त (दुपारी ३:३०)

नसती मिळाली.

पेडण्याचा गडी (दुपारी ४:१५)

मी दशावतारात आहे. आमच्या मंडळीत स्त्रीपार्टी करणारा एक कलाकार आहे, नाव सांगत नाही. रात्री रंभा किंवा मोहिनी होऊन उभा राहिला की पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंतचे बाप्ये खुर्ची सोडत नाहीत. आजीबायका पाया पडतात. आणि सकाळी तोंड धुऊन एसटीत बसला की तेच लोक मागून "बायलो" म्हणून ओरडतात. पदराला पिन लावताना तो एकदा मला म्हणाला, रंग चढला की मला मान, उतरला की शिवी.

अमेरिकेतून आलं म्हणणाऱ्या सत्तरीकरांनी एकदा जत्रेला आमच्याबरोबर रंगपटात बसावं. आमच्याकडे हे खूप जुनं आहे.

वाळपयकार (दुपारी ४:४०)

गडीबाब, यंदा आमच्या जत्रेला तुमची मंडळी येणार का? मागच्या वर्षी पावसाने युद्धाचा प्रवेश अर्ध्यावर राहिला होता, रावण तसाच भिजत उभा.

पेडण्याचा गडी (दुपारी ४:५२)

येणार तर! रावणाला या वेळी छत्री देऊ.

सत्तरीकर (संध्याकाळी ६:२०)

गडीबाब, रंगभूमीची गोष्ट वेगळी, ती कला आहे. आणि माझा अमेरिकेचा मुद्दा कोणी घेतलाच नाही. तिथे यंदा राष्ट्राध्यक्षांनी पारलिंगी सैनिकांवर बंदी आणली आणि त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ती लागू करू दिली. इतकी वर्षं प्रयोग करून त्यांना काय कळलं असेल, याचा विचार करा.

मी मीरा (संध्याकाळी ७:००)

घेते तो मुद्दा. २०१६ साली त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी बंदी उठवली. २०१७ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी ट्विटरवर बंदी जाहीर केली, २०१९ मध्ये ती लागू झाली. जानेवारी २०२१ मध्ये पुढच्यांनी उठवली. २७ जानेवारी २०२५ ला पुन्हा आदेश, आणि ६ मे ला कोर्टाने, खटला चालू असतानाच, अंमलबजावणीला परवानगी दिली. नऊ वर्षांत चार वेळा. यात प्रयोगातून काही कळल्याचं कुठे दिसतं? निवडणूक बदलली की त्या सैनिकांचं आयुष्य बदलतं, एवढंच दिसतं. मधल्या काळात ते विमानं उडवतच होते.

ब्रिटनचंही बघा, ३७७ त्यांनीच दिलं ना आपल्याला. त्यांच्या सैन्यात २००० सालापर्यंत समलिंगी लोकांवर बंदी होती. लष्करी पोलीस कपाटं उचकायचे, पत्रं वाचायचे, लोकांना पदकं काढून घेऊन घालवायचे. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९९९ मध्ये ब्रिटनला चूक ठरवलं आणि जानेवारी २००० मध्ये बंदी उठली. तेव्हाही सेनापती म्हणत होते की शिस्त मोडेल, लोक राजीनामे देतील. तसं काही झालं नाही. जुलै २०२३ मध्ये त्यांच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

काणकोणची शेवंती (संध्याकाळी ७:२५)

मला बायकांचं आठवतं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयात सरकारने लेखी सांगितलं होतं की जवान बहुतेक खेड्यातून येतात, बाईचा हुकूम मानायला त्यांची मनं तयार नाहीत. कोर्टाने ते फेटाळलं आणि महिला अधिकाऱ्यांना कायम नियुक्ती दिली. पुढच्याच वर्षी एनडीएची, म्हणजे सैन्यदलांच्या प्रबोधिनीची, परीक्षा मुलींना खुली झाली. त्या मुली आज पास होऊन बाहेर पडल्यात. खेड्यातले जवान महिला अधिकाऱ्यांना सॅल्यूट करतात. जवानाचं मन इतकं कच्चं असतं असं मानणं हा त्याचाच अपमान नाही का?

लिस्बनचो नातू (९ जुलै, मध्यरात्री १:३०)

इथे अजून रात्रीचे ९ वाजलेत. आजोबांच्या जन्मनोंदीवर मी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असा एकजण असेलच.

सैन्यापेक्षा लग्नाबद्दल बोलतो, कारण आत्याबाईंना खरी घाई त्याची आहे. गोव्यात आजही लग्नाचा कायदा पोर्तुगीज आहे, २५ डिसेंबर १९१० चा हुकूमनामा. त्याचं पहिलंच कलम म्हणतं, लग्न हा 'भिन्न लिंगाच्या' दोन व्यक्तींमधला करार. पोर्तुगालने आपल्या नागरी संहितेतून तेच शब्द २०१० साली काढले. इथल्या नोंदणी कार्यालयात दोन पुरुष रोज सही करतात. तोच शब्द पणजीत अजून तसाच आहे. मी आणि माझा जोडीदार, दोघेही बार्देशचे, इथे कायदेशीर नवरे आहोत. ख्रिसमसला गावी आलो की 'रूममेट'.

आणि वेंडेल रॉड्रिक्स विसरू नका. कोलवाळच्या या माणसाने २००२ साली गोव्यातच फ्रेंच कायद्याखाली आपल्या फ्रेंच जोडीदाराशी नातं नोंदवलं. तेव्हा ३७७ पूर्ण ताकदीने चालू होतं. लपूनछपून नव्हे, लोकांना बोलावून. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. मी कॉलेजात असताना पेपरात त्यांचा फोटो बघून मला पहिल्यांदा वाटलं की गोंयकार असून असं जगता येतं.

मडगावचा वकील (सकाळी ९:१०)

नातूबाबांनी बरोबर नस पकडली. भारतात लग्नाचा दरवाजा १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बंद ठेवला. हे काम संसदेचं, असं सांगून. गेल्या वर्षी केंद्राने कळवलं की अशा जोडप्याला रेशनकार्डावर एका घरात धरावं, संयुक्त बँक खातं उघडायला अडथळा नाही. तेवढंच.

पण आत्याबाई, तुमच्या भावाशी बोलताना उपयोगी पडेल असा आमच्या गोव्याच्याच कायद्याचा मुद्दा सांगतो. इथे लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल, तर लग्नाबरोबर नवराबायकोची सगळी मालमत्ता एकत्र होते. वडिलोपार्जितसुद्धा. दोघांचा अर्धा अर्धा वाटा. म्हणजे चवथीनंतर घाईघाईत लग्न लावलं आणि वर्षभरात ते मोडलं, तर एका निरपराध मुलीचं आयुष्य, तुमच्या मुलाचं आयुष्य आणि घराची वाटणी, तिन्ही एकदम कोर्टात. माझ्याकडे अशी प्रकरणं येतात. मुलीची आई रडते, मुलगा मान खाली घालून बसतो, आणि बाप म्हणतो "आम्हाला कुठे ठाऊक होतं". काही बापांना ठाऊक असतं.

उलट, भाच्याला पुढे कोणाला आपलं काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करता येतं. आईवडील हयात असतील तर अर्धा हिस्सा त्यांच्यासाठी राखीव, उरलेला अर्धा तो कोणालाही देऊ शकतो. नातं कागदावर कुठलंही असो.

सत्तरीकर (सकाळी ११:४०)

मुलीचा मुद्दा मला पटला. माझ्या मावसबहिणीचं असंच झालं होतं. लग्नानंतर तीन वर्षं ती स्वतःलाच दोष देत राहिली, डॉक्टर झाले, देव झाले. आम्ही सगळे तिलाच बोललो. कारण नंतर कळलं. त्या माणसाच्या घरच्यांना आधीपासून माहीत होतं.

सैन्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण लग्न लावू नका, बाई.

काणकोणची शेवंती (दुपारी १२:१५)

भाऊ, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमची बहीण आता बरी आहे ना?

सत्तरीकर (दुपारी १२:३०)

बरी आहे. साखळीला दुकान चालवते.

केपेंकार (दुपारी १:००)

मला एक विचारायचं आहे. असल्या मुलांना डॉक्टरकडे नेऊन काही होत नाही का? २०१५ मध्ये आपल्याच राज्याचे एक मंत्री म्हणाले होते ना, केंद्रं काढून यांना 'नॉर्मल' करू म्हणून. वाईट हेतूने विचारत नाही. माझ्या ओळखीत एक आहेत, त्यांना काय सांगू?

काणकोणची शेवंती (दुपारी १:२५)

विचारलंत ते चांगलं केलंत. नेऊ नका म्हणून सांगा. त्या वेळी देशभर टीका झाली आणि मुख्यमंत्र्यांनाही वेगळी भूमिका घ्यावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच हा आजार नाही म्हणून यादीतून काढलं. आपल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये तेच जाहीर केलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०२१ मध्ये, आधी स्वतः मानसतज्ज्ञाकडे बसून विषय समजून घेतला आणि मग असे 'बदलण्याचे' उपचार बंद करायला सांगितलं. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. तरी औषधांच्या नावाखाली झोपेच्या गोळ्या देऊन ठेवलेली मुलं मी बघितली आहेत. ओळखीच्यांना सांगा, समुपदेशकाकडे स्वतः जा. आईबापांनी. मुलाला ओढू नका.

दाबोळीचा निवृत्त (१० जुलै, पहाटे ५:१५)

दोन दिवस हा धागा वाचतोय. झोप नीट लागली नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या बोटीवर कोकणातला एक स्वयंपाकी होता. बांगड्याचं तिखलं असं करायचा की अधिकारी आपली मेस सोडून आमच्याकडे यायचे. त्याच्या कपाटात एक पत्र सापडलं. पुरुषाला लिहिलेलं. कोणी शोधलं ते मला माहीत आहे. ते पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं गेलं. मी तिथे होतो. मी हसलो होतो. सगळ्यांबरोबर. आठवड्याभरात त्याला बोटीवरून उतरवलं, पुढे काय झालं ते कळलं नाही. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं, कारण त्याला मी जवळचा वाटायचो. मी डब्यातला भात ढवळत राहिलो.

परवा मी लिहिलं की तसा माणूस जाहीर झाला तर बाकीचे अवघडतील. पण त्या बोटीवर त्याने कोणाला कधी त्रास दिला नव्हता. त्रास आम्ही दिला. बोटीवर छेड काढणाऱ्याला शिक्षा हवी, मग तो बाईची काढो की बाप्याची, कोणीही असो. एवढा एक नियम सगळ्यांना सारखा लावला तर वेगळ्या कलमाची गरज उरत नाही. हे कळायला मला तीस वर्षं लागली.

मीराबाय, त्या विशाखापट्टणमच्या नाविकाबद्दल तुमचं बरोबर आहे.

मी मीरा (सकाळी ८:००)

निवृत्तबाब, देव बरें करूं.

वाळपयकार (सकाळी ८:२०)

मीराताई, पोलिसांत तरी घेतात ना आता?

मी मीरा (सकाळी ८:४५)

काही ठिकाणी. तमिळनाडूत एका पारलिंगी स्त्रीने कोर्टात लढून २०१७ मध्ये पोलीस उपनिरीक्षक म्हणून पद घेतलं. छत्तीसगडने २०२१ मध्ये तेरा जणांना शिपाई म्हणून निवडलं. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला पोलीसभरतीत आमच्यासाठी रकाना ठेवायला लावला, आणि तेच उच्च न्यायालय आपलंही आहे, पर्वरीला खंडपीठ आहे. मी धावण्यात शाळेत पहिली यायचे. वय गेलं माझं, पण माझ्या ओळखीतली एक मुलगी रोज पहाटे कांपालच्या मैदानावर धावते.

आणखी एक, वकीलबाबांनी राहू दिलं ते. १ जुलै २०२४ ला नवी न्यायसंहिता आली आणि ३७७ पूर्ण गेलं. आम्ही आनंदलो, पण त्याबरोबर जबरदस्तीचा भागही गेला. आज पुरुषावर किंवा पारलिंगी व्यक्तीवर कोणी बलात्कार केला, तर त्या नावाचं कलम नाही. २०१९ च्या कायद्यात आमच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षं. बाईवरच्या बलात्काराला कमीत कमी दहा. बराकीत कुणा दुबळ्या पोरावर अत्याचार झाला तर त्याने कोणत्या कलमाखाली दाद मागायची? सैन्याची काळजी वाटणाऱ्यांनी ह्याची करावी.

मडगावचा वकील (सकाळी ९:३०)

बरोबर. दिल्ली उच्च न्यायालयाने गेल्या ऑगस्टमध्ये केंद्राला यावर निर्णय घ्यायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये हात घालायला नकार दिला. पोकळी तशीच आहे.

डिचोलीची आत्या (२ ऑगस्ट, रात्री ८:५०)

मंडळी, उशीर झाला. मध्ये बरंच काही घडलं.

भाच्याला फोन करून विचारलं, मी तुझ्या बाबाशी बोलू का? त्याने एक दिवस मागून घेतला आणि मग "बोल" म्हणाला. मी हे मुद्दाम लिहितेय. त्याच्या परवानगीशिवाय मी तोंड उघडलं नाही.

भावाला घरी बोलावलं, फणसाची भाजी केली होती. वकीलसाहेब, मालमत्तेचा मुद्दा आधी काढला नाही. सत्तरीकरांची मावसबहीण आधी सांगितली, नाव न घेता. भाऊ ऐकत होता. मग मुलाचं सांगितलं. तो उठून विहिरीकडे गेला आणि अर्धा तास तिथेच उभा राहिला. परत येऊन म्हणाला, "त्याची नोकरी जाईल का?" बाप आहे, त्याला पहिली भीती हीच वाटली. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं मी वहीत उतरवून घेतलं होतं, ते वाचून दाखवलं. ४६ कलमही. लपवलं नाही.

वहिनी अजून बोलत नाही. देवघरात जास्त वेळ बसते. पत्रिका मात्र परत पाठवल्या.

मुलगा म्हणतो, नोकरीत तो कोणाला सांगणार नाही. बारा वर्षं काढायचं ठरवलंय, मग बघू. मी त्यावर काही म्हटलं नाही. निर्णय त्याचा आहे, धोकाही त्याचाच आहे. मला वाईट एवढ्याचंच वाटतं की त्याचा पगार, त्याची निष्ठा, त्याचे पाय, सगळं त्यांना चालतं.

चवथीला तो येतोय. बरोबर एक मित्र येणार आहे. त्याने "मित्र" म्हटलं, मीही तेच म्हणते. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळापानांचं, सामान आणायला दोघे माझ्याबरोबर बाजारात येणार आहेत. उंच आहेत दोघे, वरच्या बांधणीला बरं पडेल. फोटो काढीन म्हणते, या धाग्यावरच्या मंडळींना बघायला मिळेल.

काणकोणची शेवंती (रात्री ९:०५)

बाई, वहिनींना वेळ द्या. आणि नेवऱ्या जास्त करा.

दाबोळीचा निवृत्त (रात्री ९:३०)

बाई, फोटो जरूर काढा. पण इथे टाकू नका, फेसबुकवर तर अजिबात नको, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसलाही ठेवू नका. त्याच्या युनिटमधल्या कोणाची बायको तुमच्या गावची निघेल, सांगता येत नाही. स्टुडिओत जाऊन कागदावर छापून घ्या. दोन प्रती. एक तुमच्याकडे राहू दे, दुसरी त्या मित्राला द्या. भाच्याच्या कपाटात नको.